पाऊस आला की गप्प बसणारे सेन्सर: सावईवेऱ्याच्या कुळागरातलं एक प्रकरण

जुलैमधली गोष्ट. सकाळी सातला मामाचा फोन आला, "अरे, काल रात्री पाऊस पडला की नाही, तुझ्या यंत्रांना काही पत्ता आहे का?" मी झोपेतच मोबाइलवर डॅशबोर्ड उघडला. रात्री साडेदहापासून सकाळी सहापर्यंत पानांचा ओलावा, हवेतली आर्द्रता, तापमान, सगळं कसं पट्टीने आखल्यासारखं सरळ. मी म्हटलं, विशेष काही नाही रे मामा, स्थिर आहे. तो हसायलाच लागला. "वरचा पाट फुटलाय, चिऱ्यांचा गडगा कोसळून केळींवर आलाय, आणि तुझं स्थिर आहे!"

त्या सरळ रेघेचं पुढे महिनाभर पोस्टमॉर्टेम केलं, ते इथे सविस्तर लिहितोय, कारण कुळागरात, काजूच्या डोंगरात किंवा खाजन शेतात वायरलेस सेन्सर लावायचं बरेच जण ठरवतायत आणि सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, रेंज किती मिळते? आमच्या प्रकरणात रेंज हे तिसऱ्या नंबरचं कारण निघालं.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. फोंडा तालुक्यातलं सावईवेरे, श्री अनंताच्या देवळाचं गाव. मामाचं घर डोंगराच्या उतारावर, घराच्या मागे आणखी वर चिऱ्याची पाण्याची टाकी आणि खाली घळीत कुळागर. कुळागर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, ही काही ओळीने लावलेली बाग नव्हे, माडी म्हणजे पोफळ, मधेमधे माड, माडीवर चढवलेली मिरी, खाली केळी, जायफळ, अननस, आणि सगळ्यांच्या पायातून पाटाचं पाणी. माडी नऊ-नऊ फुटांवर. भर दुपारीसुद्धा खाली काळोखच वाटतो, हा काळोख पुढे गोष्टीत येणार आहे, लक्षात ठेवा.

सेन्सर कशासाठी, तर कोळेरोगासाठी. सुपारीची कोवळी फळं कुजून गळतात तो. सतत पाऊस, गारवा आणि दमट हवा मिळाली की ही बुरशी (शास्त्रज्ञ आता तिला खरी बुरशी म्हणत नाहीत, पण बागायतदाराला काय फरक पडतो) घोसच्या घोस खलास करते. उपाय जुनाच आहे, एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आधी, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी. ही दुसरीच अवघड, कारण ती भर पावसाळ्यात येते, मधे काही तास उघाड लागते आणि पाडेली, म्हणजे माडीवर चढणारा माणूस, त्याच दिवशी मिळावा लागतो, जो हल्ली देव भेटावा तसा भेटतो. मामाचं म्हणणं साधं होतं, बागेच्या आत पानं किती तास ओली राहिली आणि कुठल्या कोपऱ्यात जास्त राहिली ते कळलं तर पाडेल्याला आधी कुठे चढवायचं ते ठरवता येईल.

म्हणून मे महिन्याच्या मध्यावर २२ नोड, म्हणजे सेन्सरच्या डब्या, लावले. प्रत्येकात तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, पानाच्या ओलाव्याचा सेन्सर, मातीतल्या ओलाव्याची दांडी, एक लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर थोडासा डेटा पाठवणारा), २६०० मिलिअँपतासाचा १८६५० सेल (परत चार्ज होणारा) आणि वर हातभर लांब सोलर पॅनल. दर १० मिनिटांनी एक पॅकेट, म्हणजे रीडिंगचा एक छोटा संदेश, लोरावॅन पद्धतीने (लोरा रेडिओंच्या नेटवर्कचे नियम), भारतात विनापरवाना वापरता येतो त्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. घराच्या पडवीत गेटवे, म्हणजे सगळ्या नोडांचं ऐकणारं यंत्र, तिथून घरच्या फायबर इंटरनेटवरून क्लाउडवरच्या सर्व्हरला. मे मध्ये सगळं झकास चालायचं. जूनमध्येही बरं. महिन्याचा हिशोब काढला तर दहातली नऊ पॅकेटं पोचलेली, मी खूष होतो, मित्रांना स्क्रीनशॉटसुद्धा पाठवले होते.

आता ती सरळ रेघ. ग्राफच्या सेटिंगमध्ये मधला डेटा नसेल तर दोन टोकं जोडून टाका असा पर्याय असतो, तो मीच चालू करून ठेवला होता, कारण तुटक ग्राफ दिसायला वाईट दिसतो! म्हणजे साडेसात तासांत एकही रीडिंग आलं नव्हतं आणि ग्राफने साडेदहाचं टोक सहाच्या टोकाला बांधून मला दाखवलं. पर्याय बंद केला आणि दोन महिन्यांचा ग्राफ परत काढला तर चाळणी! आणि खरी गोम अशी की भोकं कुठेही विखुरलेली नव्हती, जिथे पाऊस तिथे भोक. कोरड्या दिवसांत जवळपास सगळं येत होतं, पावसाच्या रात्रींना निम्मंसुद्धा नाही, आणि दोन्ही मिळून सरासरी नव्वद टक्के. जे मोजायला नेटवर्क लावलं नेमकं तेच मोजायच्या वेळी ते बंद. अशा डेटावरून काढलेले ओल्या तासांचे आकडे खोटेच, आणि तेसुद्धा नेहमी कमीच्या बाजूने खोटे, म्हणजे रोगाचा धोका आहे त्यापेक्षा कमी दिसणार.

हे आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. नेदरलँड्समध्ये २००५ साली बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोड लावून असाच प्रयोग झाला होता, तोही बटाट्याच्या करप्यासाठी, आणि गंमत म्हणजे करप्याचा जंतू आणि आपल्या कोळेरोगाचा जंतू एकाच कुळातले, फायटॉफ्थोरा. हाती आला अपेक्षित डेटाच्या जेमतेम २ टक्के. ते वाचून जरा धीर आला.

माझा पहिला संशय सगळ्यांचा असतो तोच, पावसाने सिग्नल अडतो. डिश टीव्ही जातो ना पावसात! पण डिश टीव्ही १० गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतो, तिथे थेंब खरंच आडवे येतात. ८६६ मेगाहर्ट्झला धो धो पावसातही किलोमीटरमागे एका डेसिबलचा (सिग्नल किती घटला-वाढला ते मोजायचं माप) शंभरावा हिस्सासुद्धा जात नाही. ओली पानं थोडं खातात, ते खरं, आमच्याकडे कोरड्या आणि भिजलेल्या बागेत ४-५ डेसिबलचा फरक दिसला. पण तेवढ्याने फक्त काठावरचे नोड पडतील, एका क्षणी २२ च्या २२ कसे पडतील?

मग शिस्तीत बसलो. लोरावॅनच्या प्रत्येक पॅकेटमध्ये एक काउंटर असतो, रीडिंगमागे एकाने वाढणारा. नोड गप्प का होता ते हा काउंटर सांगतो, फक्त त्याला विचारायला हवं, आणि मी दोन महिने विचारलंच नव्हतं. भोकाच्या अलीकडचा आकडा आणि पलीकडचा आकडा बघायचा. आकडा भोकाच्या लांबीएवढाच पुढे गेला असेल तर नोड बिचारा बोलत होता, आपणच ऐकलं नाही. आकडा परत शून्यावर आला असेल तर नोड बंद पडून पुन्हा सुरू झाला. आणि पलीकडे आकडाच नसेल तर नोड मेला, जाऊन बघा.

त्या रात्रीच्या भोकात २२ पैकी १५ नोडचा काउंटर ४५ ने पुढे गेलेला. साडेसात तास, तासाला सहा, हिशोब चोख. म्हणजे हे पंधरा रात्रभर बोलत होते. मामाला विचारलं, करंट कधी गेला होता? दहा-साडेदहाला. गेटवे बंद पडला का? नाही, तो इन्व्हर्टरवर आहे, दिवे लुकलुकत होते. राउटर? तोही इन्व्हर्टरवर. आणि फायबरची वायर घरात येते ती छोटी पांढरी डबी? थोडा वेळ शांतता. ती डबी टीव्हीच्या मागच्या प्लगवर होती आणि त्या प्लगला इन्व्हर्टर नव्हता. गेटवे पॅकेटं झेलत होता, सर्व्हरकडे टाकत होता, आणि ती वाटेतच विरत होती, कारण त्यावरचा साधा फॉरवर्डर प्रोग्रॅम यूडीपीवर (पाठवलेलं पोचलं का ते न विचारणारी पद्धत) चालतो, नेट नसेल तर पुढचं मागचं साठवून ठेवणं वगैरे त्याच्या गावीच नाही. आणि गोव्यात पावसाळ्यात करंट कधी जातो ते मी सांगायला नको, पाऊस-वारा सुरू झाला की. झालं, पावसाशी नातं जुळलं, आणि त्यात रेडिओचा काहीएक दोष नव्हता.

इथवर सोपं होतं, डबीचा प्लग बदलला, पाच मिनिटांचं काम. पण बाकीच्या सातांपैकी पाच नोडचे काउंटर शून्यावर आलेले आणि दोन तर परत आलेच नव्हते, त्यांचं काय?

इथे माझीच करणी पुढे आली. प्रत्येक पॅकेटची पोच मिळायला हवी असं मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं, कारण ऐकायला बरं वाटतं, खात्रीशीर वगैरे. आता नेट नाही म्हणजे सर्व्हर नाही, सर्व्हर नाही म्हणजे पोच नाही, पोच नाही म्हणून नोड तेच पॅकेट आठ-आठ वेळा पाठवणार, तेसुद्धा प्रत्येक दोन प्रयत्नांनंतर वेग एक पायरी कमी करून, म्हणजे हवेत आणखी जास्त वेळ. आमचं पॅकेट हेडरसकट ३० बाइटचं. एसएफ म्हणजे लोराच्या वेगाची पायरी, आकडा जितका मोठा तितका वेग कमी पण सिग्नल लांब पोचतो. एसएफ ७ ला ते हवेत ७२ मिलिसेकंद राहतं, एसएफ १२ ला १.६५ सेकंद, जवळजवळ तेवीसपट. म्हणजे नेट गेल्यावर नोडांनी जपून बोलायचं तर ते उलट ओरडायला लागले, आणि ऐकणारं कोणी नाही. शिवाय गेटवे पोच पाठवत असतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे नेट चालू असतानाही या पोच प्रकरणाने आम्ही पॅकेटं घालवतच होतो.

एवढ्याने बॅटरी संपली म्हणावी तर आकडेमोड जुळेना. रेडिओ पाठवताना ९० मिलिअँपच्या आसपास खातो, दिवसाची १४४ पॅकेटं, एसएफ ७ ला दिवसाला पाव मिलिअँपतास, सगळी एसएफ १२ ला धरली तरी सहाच्या आत. सेल २६०० चा आहे! मग शेवटी मल्टिमीटर लावून झोपलेला नोड मोजला (हे पहिल्या दिवशी करायचं असतं, मला माहीत होतं, केलं नव्हतं) तर झोपेत १.८ मिलिअँप. बोर्ड झोपत होता पण पानाच्या ओलाव्याचा सेन्सर आणि एक लाल दिवा चोवीस तास जागे. दिवसाला ४३ मिलिअँपतास, म्हणजे सोलर नसेल तर बरोबर साठ दिवस. मे च्या मध्यापासून साठ दिवस मोजा, जुलैचा मध्य. आणि सोलर? मघाचा तो काळोख आठवा. मे मध्ये पोफळीच्या झावळ्यांतून कवडसे येतात तेवढ्यावर पॅनल काहीतरी देत होतं, जुलैच्या ढगात शून्य. दोन महिने मी रेडिओला शिव्या घालत होतो आणि खाणारा होता सेन्सर.

आता साखळी लावून बघा. सेल आधीच तळाला, करंट गेला, डबी बंद, पोच बंद, नोड आठ-आठ वेळा ओरडले, कमजोर सेलवर एकदम भार आला की व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट. रीसेट झाल्यावर नोड नेटवर्कची किल्ली विसरला, कारण ती मी कायमच्या मेमरीत ठेवलीच नव्हती, म्हणून परत नव्याने जोडून घ्या अशी विनंती पाठवायची, तिला उत्तर सर्व्हरकडून यायला हवं, सर्व्हर नाही, मग विनंतीवर विनंती, सगळ्यात हळू वेगाने, सेल संपेपर्यंत. एका प्लगमुळे घळीतले दोन नोड कायमचे झोपले ते असे.

दुरुस्त्या ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत झाल्या, भिजत. पोच मागणं बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक पॅकेटमध्ये आत्ताच्या रीडिंगबरोबर दोन जुनी रीडिंगं घातली. आधी मी लागोपाठची तीन घालणार होतो, पण आमच्याकडे पॅकेटं एकेक करून हरवत नाहीत, घोळक्याने हरवतात, मग लागोपाठची तिन्ही एकाच भोकात जाणार. म्हणून आत्ताचं, एक तासापूर्वीचं आणि सहा तासांपूर्वीचं. सहा तासांच्या आतलं भोक आपोआप बुजतं. रीडिंग पाच बाइटचं, तिन्ही मिळून पंधरा, एक बाइट बॅटरीला, एक रीसेट किती वेळा झाला त्याला, पॅकेट होतं तेवढंच ठेवलं (आधी मी आकडे मजकूर म्हणून पाठवत होतो, तो उधळेपणा गेला). झोपेच्या वेळी सेन्सरची वीज मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) तोडली, लाल दिवे पकडीने उपटले, झोपेतला करंट ०.०६ मिलिअँपवर आला. किल्ली आणि काउंटर फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत. सगळे नोड दर दहा मिनिटांच्या ठोक्याला एकदम बोलायचे, ते थोडं मागेपुढे विखुरलं. आणि सोलर पॅनलं सरळ काढून टाकली, बरेच जण नको म्हणाले, पण सावलीत पॅनल म्हणजे पाणी आत शिरायला एक भोक जास्त, दुसरं काही नाही. सेल वर्षातून एकदा, मे मध्ये, काढून चार्ज करायचे. मामीने पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) यादीत सुकी मासळी, सोलं, मिरची आणि खाली "बॅटऱ्या २२" असं लिहिलंय.

गेटवेकडे रास्पबेरी पायवरच (छोटा कंप्युटर) सर्व्हर बसवला, डेटा आधी घरात साठतो, नेट आलं की वर जातो. करंट अचानक गेला की मेमरी कार्ड खराब होतं म्हणून साठवण छोट्या एसएसडीवर घेतली, हँग झाला तर स्वतःच रीसेट व्हावा म्हणून वॉचडॉग.

आणि मग रेंज, तिसऱ्या नंबरवर. खालच्या कडेचे पाच-सहा नोड पाऊस आला की दोन-चार पॅकेटं गाळायचे, ते खरंच रेडिओचं दुखणं. पडवीतला अँटेना आणि घळीतला नोड यांच्यामध्ये सरळ रेषेत २०० मीटर झाडी. जंगलातल्या सिग्नलसाठी वाइसबर्गरचं एक जुनं सूत्र आहे, त्याने ८६६ मेगाहर्ट्झला २०० मीटर झाडीत साधारण २९ डेसिबल जातात. तोच अँटेना वरच्या चिऱ्याच्या टाकीवर नेला तर सिग्नल बागेच्या डोक्यावरून येतो आणि शेवटचे ३०-एक मीटरच पानांतून उतरतो, साडेनऊ डेसिबल. जवळपास वीसची कमाई, आणि एसएफ ७ वरून एसएफ १२ वर जाऊन मिळते साडेबारा डेसिबल, तीही तेवीसपट वेळ मोजून! एका जीआय पाइपची आणि केबलची करामत. (केबल लांब नको म्हणून गेटवेच टाकीपाशी डबीत नेला आणि खालून नेटवर्कची वायर टाकली, विजेच्या कडकडाटासाठी दोन्ही टोकांना अरेस्टर.) कोणीतरी सुचवलं होतं की नोडांनी एकमेकांची पॅकेटं पुढे ढकलावीत. करता येतं, पण मग मधल्या नोडांना कान उघडे ठेवून जागं राहावं लागतं आणि गेटवेच्या जवळचा नोड सगळ्यांची ओझी वाहून पहिला मरतो. त्यापेक्षा पलीकडच्या उतारावर मावसभावाच्या घरी दुसरा गेटवे ठेवला, लोरावॅनमध्ये कुठल्याही गेटवेने ऐकलं तरी चालतं, डबल आलेलं सर्व्हर गाळतो. त्याच्याकडची विजेची लाइन (फीडर) वेगळी आहे, दोन्हीकडचा करंट एकदम क्वचितच जातो.

डब्यांचं थोडक्यात. वायर वरून आत घेतली होती, ती खालून घेतली, वळण देऊन, म्हणजे पाणी वळणावरून गळतं. पूर्ण सीलबंद डबी घामेजते, दिवसा तापून हवा बाहेर टाकते आणि रात्री थंड होऊन दमट हवा आत ओढते, म्हणून खाली हवेपुरता झडपवजा स्क्रू. अँटेना खोडाला चिकटलेला होता तो वीतभर बाहेर. आणि हुमल्यांवर उपाय सापडलेला नाही, लाल मुंग्यांना ती डबी घरच वाटते.

डॅशबोर्डवर आता सगळ्यात वर तापमान नाही, शेवटचं कधी ऐकलं ते दिसतं, नोडमागे एक चौकोन, अर्धा तास गप्प असला की लाल. भोक भोकच दिसतं. आणि किती टक्के पोचले हा आकडा मी पावसाच्या तासांचा वेगळा काढतो, कोरड्याचा वेगळा. नुसती सरासरी कोणी दाखवली तर मी आता पहिल्यांदा हेच विचारतो.

सप्टेंबरमध्ये एका रात्री परत तसाच पाऊस, करंट नऊ तास गायब, दोन्ही घरचा. सकाळी नेट आलं आणि ग्राफ डोळ्यांसमोर डावीकडून भरत गेला, पानं रात्री अकरापासून ओली, पहाटे चारला घळीत गारवा उतरलेला, सगळं होतं. चौदा नंबरचा नोड सोडून. तो फणसाच्या मोठ्या खोडामागे आहे, दोन्ही गेटवेंना पाठ करून. पाडेली तिसऱ्या फवारणीला चढला तेव्हा त्याला सांगून नोड शेजारच्या माडीवर आणखी दहा हात वर बांधून घेतला. आता ऐकू येतो, फक्त तिथे तो पानांचा नाही, उघड्या आभाळाचा ओलावा मोजतोय, त्यामुळे सेन्सर तारेने परत खाली सोडायचा आहे.